साहेलच्या कोरडवाहू शेतीत पीक का बुडते? या चुका टाळा

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला माली, बुर्किना फासो, नायजर या देशांतून जाणारा साहेलचा पट्टा म्हणजे बाजरीचे माहेर. तिथे पीक हातचे गेले की सगळा दोष पावसावर ढकलला जातो, आणि पहिली चूक तिथेच होते. मालीतील कुरणांचा एक मोठा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला साधारण ३०० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडणाऱ्या भागात गवताची वाढ पाण्यापेक्षा नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) यांच्या तुटवड्यामुळे खुंटते, असे त्यातून दिसले. बाजरीच्या शेतातही तेच घडते, कारण स्फुरदाअभावी मुळे खोल जात नाहीत आणि वाळूत मुरलेले पाणी पिकाच्या हाती न लागता खाली निघून जाते. म्हणून रोपे खुजी राहून खालची पाने जांभळट दिसू लागली, तर आभाळाकडे पाहण्याआधी जमिनीकडे पाहावे.

खत कमी पडते हे कळल्यावर ते शेतभर फेकणे ही पुढची चूक. या भागात बाजरी एकेक मीटर अंतरावर ठोंब्यांनी, म्हणजे एका जागी अनेक बिया टाकून, पेरली जाते, त्यामुळे फेकलेल्या खताचा बराचसा भाग मुळांपर्यंत पोहोचतच नाही, आणि गरीब शेतकऱ्याला ती नासाडी परवडणारी नसते. मुख्यालय हैदराबादजवळ पाटणचेरू येथे असलेल्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने नायजरमधील आपल्या केंद्रातून सूक्ष्म मात्रेची पद्धत पसरवली. दर ठोंब्याला १५:१५:१५ हे मिश्रखत सुमारे ६ ग्रॅम, म्हणजे शीतपेयाच्या बाटलीचे एक झाकण भरून, किंवा डीएपी (नत्र आणि स्फुरद असलेले खत) सुमारे २ ग्रॅम, म्हणजे तीन बोटांच्या चिमटीत मावेल इतके द्यायचे. हेक्टरी दहा हजार ठोंबे धरले, तर डीएपी अवघे २० किलो लागते. मात्र बियाणे आणि खत यांच्यामध्ये मातीचा थर हवा. खत बियाण्याला चिकटले तर कोंब जळतो, आणि उगवण विरळ झाली की पुन्हा पावसाचेच नाव घेतले जाते.

टणक पापुद्रा धरलेल्या पडीक जमिनीसाठी बुर्किना फासोच्या यातेंगा भागात ‘झाई’ नावाचे खड्डे खणतात. गौर्गा गावचे शेतकरी याकुबा सावादोगो यांनी या जुन्या पद्धतीत सुधारणा करून ती पसरवली. त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला. खड्डा २० ते ४० सेंटिमीटर रुंद आणि १० ते २० सेंटिमीटर खोल असतो, तो कोरड्या दिवसांतच खणला जातो आणि निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला लावली जाते, म्हणजे वाहते पाणी खड्ड्यात अडते. सर्वांत घातक चूक खड्डा रिकामा ठेवण्याची. पाणी साठते, पण भुकेल्या मातीत रोप तसेच खुजे राहते आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. दोन-तीन ओंजळी शेणखत टाकले की त्याच्या ओढीने वाळवी येते, तिच्या बिळांतून पापुद्रा फुटतो आणि पाणी आत मुरते. म्हणूनच इथे वाळवीला शत्रू समजून औषध मारू नये. सैल वाळूत मात्र झाई खणू नये, कारण तिथे खड्डे वाऱ्याने बुजतात.

एक-दोन वर्षे युरियाने उत्पन्न वाढले म्हणून शेणखत सोडणे हीही महागात पडणारी चूक आहे. बुर्किना फासोतील सारिया येथे १९६० पासून चाललेल्या ज्वारीच्या दीर्घ प्रयोगात नुसत्या रासायनिक खताने माती आम्ल होत गेली. सूक्ष्म मात्राही एकटी पुरत नाही, कारण वाढलेले पीक जमिनीतून अधिक अन्नद्रव्ये उचलून नेते. धाटे सगळी कुंपणाला, चुलीला आणि गुरांना गेली, तर उघड्या शेतातली वरची माती वारा उडवून नेतो आणि उडती वाळू कोवळ्या रोपांना झोडपते.

पिकाच्या पायाशी जांभळी फुले दिसली, तर तो टारफुला, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणारे परजीवी तण आहे. तो खंगलेल्या जमिनीत फोफावतो. फुलाचे बी पडण्याआधी तो उपटावा, शेणखत वाढवावे आणि बाजरी-ज्वारीबरोबर चवळीचा फेरपालट ठेवावा. नुसत्या खुरपणीने तो हटत नाही, कारण बहुतेक नुकसान तो मातीबाहेर दिसण्यापूर्वीच झालेले असते.

शेत ‘स्वच्छ’ करण्याची सवय मला या साऱ्यांत अधिक खटकते. पेरणीपूर्वी झाडांच्या बुंध्यांतून फुटलेले धुमारे तोडून जाळले जात. नायजरच्या मारादी भागात १९८३ पासून ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनाउडो यांनी शेतकऱ्यांना त्यांतले मोजके धुमारे राखायला सांगितले, आणि पुढे सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परतली. त्यांतले गाओ हे झाड पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे ते बाजरीच्या उन्हात आड येत नाही, आणि त्याच्या पानगळीने पोसलेल्या जागेतली बाजरी आसपासच्या पिकापेक्षा उंच व हिरवीगार दिसते.