बियाण्यासाठी झाड निवडताना शेजारची झाडंही पाहा

पीक फुलोऱ्यात आलं की पुढच्या हंगामाच्या बियाण्याची निवड सुरू करावी, आणि ती उभ्या पिकातच करावी. खळ्यावरच्या ढिगातून मोठी कणसं वेचण्यात फारसा अर्थ नाही. कुठलं कणीस कोणत्या जागी वाढलं, हे तिथे कळत नाही.

बांधालगतच्या झाडाला ऊन आणि जागा जास्त मिळते. नांग्याशेजारच्या, म्हणजे बी न उगवल्याने रिकाम्या राहिलेल्या जागेशेजारच्या झाडाचंही तसंच. शेणखताचा ढीग जिथे पडून होता, तिथलं ताट हमखास जाडजूड दिसतं. हा सगळा थाट जागेचा; बियाण्यातून तो पुढे जात नाही. म्हणून कडेच्या ओळी सोडा (परक्या वाणाचे परागही तिथेच जास्त पडतात) आणि चारही बाजूंनी शेजार असलेली, तरीही त्या शेजाऱ्यांपेक्षा सरस दिसणारी झाडं निवडून दोरा बांधा.

मका परपरागित, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर पडून दाणे भरतात. शेताचे लहान चौकोन पाडून प्रत्येकातून सारखीच झाडं घ्यावीत, नाहीतर सगळं बियाणं एका सुपीक कोपऱ्यातलंच येतं. अमेरिकी शास्त्रज्ञ गार्डनर यांनी १९६१ मध्ये मक्यात हीच पद्धत मांडली. मात्र मोजक्या कणसांवर भागवू नका, पुढच्या पिढ्यांत जोम घटतो.

गहू, हरभरा स्वपरागित, म्हणजे फूल बहुतेक स्वतःच्याच परागांनी फळतं. तिथे शुद्ध वाणातून टपोरे दाणे वेचून वाण सुधारत नाही. उगवणीला ते बरे, एवढंच. योहानसन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये घेवड्यावर हे दाखवलं: एकाच झाडाच्या वंशातले जड आणि हलके दाणे वेगवेगळे पेरले, तरी पुढच्या पिढीत दाण्याचं सरासरी वजन जवळपास सारखंच भरलं. दिसणाऱ्या रूपाला ‘फेनोटाइप’ आणि वंशातून आलेल्या घडणीला ‘जीनोटाइप’ ही नावं त्यानेच १९०९ मध्ये दिली. अशा पिकात खरं काम भेसळ उपटण्याचं. फुलाचा रंग, कुसळं, दाण्याचा रंग ही लक्षणं जागेनुसार फारशी बदलत नाहीत, त्यांवरून परकं झाड ओळखावं. एका झाडाचं उत्पादन हे त्या मानाने फार लबाड लक्षण. निरोगी झाडाबाबतही सावध राहा. कधीकधी रोग त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

संकरित वाणाचं बी धरूच नका, पुढच्या पिढीत गुण विखुरतात.

निम्म्या झाडांना फूल आलं ती तारीख, उंची आणि फुटवे वहीत टिपून ठेवा. पुढच्या पेरणीत निवडलेलं आणि जुनं बियाणं शेजारी-शेजारी, तीन-चार ठिकाणी पेरून पाहा. कुठली ओळ कशाची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा.