टेकडीवरची घाणेरी काढताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत, शहरालगतच्या टेकड्यांवर आणि तलावांच्या काठी घाणेरी, सुबाभूळ, गाजरगवत अशी परकी, पसरत जाणारी झाडंझुडपं काढायला आता लोक आपणहून येतात. पुढच्या पावसाळ्यात तीच जागा पुन्हा गच्च झालेली दिसली की मात्र निम्मे जण यायचे थांबतात. यातली बहुतेक निराशा टाळता येते.

कोयत्याने कापली तरी फुटतेच

घाणेरी, म्हणजेच टणटणी, जमिनीलगत छाटली तर बुडख्यातून पहिल्यापेक्षा दाट फुटवे येतात. जाळली तरी तेच. कुदळीने बुंध्याभोवतीची माती दोन-तीन इंच उकरा. खोड संपून मुळं सुरू होतात तिथे जाड गड्डा लागतो. सगळे फुटवे तिथूनच येतात. घाव त्याच्या खाली, मुख्य मुळावर घालायचा. निघालेलं झुडूप मुळं वर करून उलटं ठेवा, कारण ओल्या मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी पुढे आणलेली ही पद्धत आहे आणि तिला यंत्र लागत नाही, औषधही लागत नाही.

उन्हाळ्यात आपला मुरूम कुदळीला दाद देत नाही. दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या, पण फळं काळी व्हायच्या आत काम उरका. बुलबुल ती फळं खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याखाली बी टाकतात. म्हणून पुढच्या वर्षी नवी रोपं आधी मोठ्या झाडांखाली शोधायची. अशी फेरी निदान दोन-तीन वर्षं मारावीच लागते. ती जमणार नसेल तर एकराऐवजी दोन गुंठेच हाती घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळं एकाच दिवशी साफ करणं

उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाते आणि राहिलेल्या जागेवर गाजरगवत येतं. घाणेरीच्या जाळीत पक्ष्यांची घरटी असतात, ती बघितल्याशिवाय कुदळ लावू नका. पट्टे पाडून काम करा.

पिवळं फूल दिसलं की उपटणं

ही चूक फार जिव्हारी लागते. नवरात्रात घटाला ज्याच्या फुलांची माळ चढवतो तो तरवड इथलाच आहे. कडक मुरमात तो आपोआप तग धरतो आणि माती धरून ठेवतो. निर्गुडी, करवंद, बोरीची खुरटी झुडपंही अशीच तण समजून जातात. काम सुरू करण्याआधी जाणत्या माणसाकडून राखायच्या झाडांना रंगीत चिंध्या बांधून घ्या.

गाजरगवताचं वेगळं

एका झाडाला हजारो बिया येतात, त्यामुळे फुलोऱ्याआधीच, ओल्या मातीतून मुळासकट उपटा. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. अंगाला खाज आणि दमा दोन्ही होतात. सगळंच मारणारं तणनाशक फवारलं तर आजूबाजूचं गवतही जळतं. पावसाळ्यात मेक्सिकन भुंगे सोडता येतात, ते याच्या पानांवर जगतात. त्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा.

सुबाभळीची रोपं पावसात हाताने निघतात, मोठी झाडं तोडली की फुटतात. शहरात झाड तोडायला 1975 च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, झाड परकं असलं तरी. जागा वनखात्याची असेल तर साधी कुदळ लावण्याआधीही त्यांना विचारा.

लावायचं काय?

घाणेरीच्या जागी गिरिपुष्प किंवा गुलमोहर लावला तर एक परकं झाड काढून दुसरं आणलं, एवढंच होतं. पळस, खैर, धावडा, अंजन, हिवर, काटेसावर ही इथली झाडं. पण मूळचं माळरान असेल तर झाडं लावूच नका. तिथे पवना, मारवेल अशी गवतं येऊ द्या. चंडोल आणि खोकड अशा गवताळ माळावरच राहतात.

रोपं लावायची असतील तर फेब्रुवारी ते मे पाणी कोण घालणार, हे खड्डे घेण्याआधी ठरवा. टँकर गावालाच पुरत नाही अशा वर्षी सरळ बी पेरलेलं बरं. पळसाचं बी उन्हाळ्याच्या शेवटी गोळा करून पावसाच्या तोंडावर टोकता येतं. लिंबोळ्या मात्र साठवून ठेवू नका. त्यांची उगवण काही आठवड्यांतच कमी होते. पिकून पडल्या की लगेच मातीत जाऊ द्या.