नव्या कार्यकारिणी सदस्याला शालीआधी फाइल द्या

वाचनालयाच्या कार्यकारिणीची निवडणूक झाली, निकालाचा कागद फलकावर लागला, की आमच्याकडे पुढचा कार्यक्रम ठरलेला असायचा. शाल, श्रीफळ, गटफोटो, पेढे. पंधरवड्यानं पहिली सभा. तिथे नव्या माणसापुढे रजिस्टर सरकवायचं आणि म्हणायचं, "इथे सही करा." ही सही कशाची, हे चारचौघांत विचारायला माणूस संकोचतो. पहिल्या सभेत विचारलं नाही की मग पुढची पाच वर्षं विचारत नाही.

मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची कार्यवाह आहे. नोकरी बँकेत झाली, त्यामुळे वाचल्याशिवाय सही नाही, ही खोड जुनीच. आमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली आहे आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही. राज्यातल्या कितीतरी वाचनालयांचं, शिक्षण संस्थांचं असंच दुहेरी असतं. याचा व्यवहारातला अर्थ असा, की कार्यकारिणीवर आलेला माणूस विश्वस्त म्हणून जबाबदार धरला जातो. हे त्याला निवडून आल्यावर कळून उपयोग नाही. उमेदवारी अर्ज भरण्याआधी बैठक घेऊन सांगायचं.

त्याच बैठकीत बाकीचंही सांगून टाकावं. मानधन नाही. सभा दर महिन्याला, संध्याकाळी, दीड-दोन तास. वर्षातून एकदा लेखापरीक्षणाच्या वेळी धावपळ. आणि "तुम्ही फक्त नाव द्या, बाकी आम्ही बघतो" हे वाक्य जुन्या मंडळींपैकी कुणी कितीही प्रेमानं म्हणालं तरी तिथल्या तिथे खोडून काढायचं. हिशेब सादर करण्यात सतत कसूर झाली, मालमत्तेचा गैरवापर झाला, तर विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित करण्याचे किंवा काढून टाकण्याचे अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहेत. "मी त्या सभेला नव्हतो" एवढ्यावर सुटका होईल या भरवशावर कुणी राहू नये. हे ऐकून एखादा माघार घेतो. घेऊ द्या. पाच वर्षं रिकामी राहणारी खुर्ची आधीच कळलेली बरी.

फाइलमध्ये काय घालायचं

घटना आणि नियमावली, परिशिष्ट एकचा (म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) ताजा उतारा, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, वर्षभराची इतिवृत्तं, बँक खाती आणि मुदत ठेवींची यादी, इमारतीचे कागद, कुणाशी भाडेकरार असेल तर त्याची प्रत. एवढं पुरतं. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका त्यात घालू नका. नवा माणूस तीच चाळत बसतो आणि बाकी फाइल तशीच राहते.

परिशिष्ट एकपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. संस्थेचा नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावं, स्थावर मालमत्ता, सगळं त्या एका उताऱ्यावर दिसतं. बऱ्याच संस्थांत हा उतारा काढला की त्यावर दिवंगत मंडळींची नावं अजून विश्वस्त म्हणून नांदत असतात, कारण दरम्यानच्या निवडणुकांचे फेरफार अर्ज, म्हणजे आपले चेंज रिपोर्ट, कुणी दाखलच केलेले नसतात किंवा केलेले प्रलंबित असतात. कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत हा अर्ज द्यावा लागतो. नव्या सदस्याचं संमतीपत्र, ओळखपत्राची प्रत, निवडणुकीचा ठराव हे सगळं त्याला जोडायचं असतं, म्हणून ही कागदपत्रं पहिल्याच भेटीत मागून घ्या. आपलं नाव उताऱ्यावर चढलं की नाही, हे पुढे त्यानं स्वतः विचारत राहावं, असंही सांगा. बँकेत सह्या बदलायला गेलात की तिथेही हाच उतारा मागतात.

हिशेबाची एक दुपार

यासाठी कोषाध्यक्षांना बसवा आणि पूर्ण दुपार द्या. घाईत उरकलं तर नवा माणूस मान डोलावतो आणि त्याच्या डोक्यात काही राहत नाही.

ताळेबंदाच्या डाव्या बाजूला निधी आणि देणी, उजव्या बाजूला मालमत्ता. वाचनालयाच्या ताळेबंदात डावीकडे बहुधा बरीच नावं असतात : कुणाच्या स्मरणार्थ बालविभागाला दिलेला निधी, कुणाच्या नावानं उत्कृष्ट वाचक पुरस्कार, इमारत निधी, व्याख्यानमाला निधी. देणगीदारानं सांगितलेलं असतं की मुद्दल हलवायचं नाही, व्याजातून खर्च करायचा. आता नव्या सदस्याच्या हातात पेन्सिल द्या आणि डावीकडच्या अशा राखीव निधींची बेरीज करायला लावा. मग उजवीकडच्या मुदत ठेवींची. समजा, निधी सहा लाखांचे आणि ठेवी चार लाखांच्या निघाल्या, तर उरलेले दोन लाख कुठे आहेत? इमारतीत घातले असतील, एखाद्या वर्षी अनुदानाचा हप्ता लांबला तेव्हा पगारासाठी वापरले असतील, किंवा बचत खात्यावर पडून असतील. उत्तर काहीही असो, ते कोषाध्यक्षांना देता यायला हवं. ही एक बेरीज करून घेतलेला माणूस पुढच्या वर्षी वार्षिक सभेत हिशेब नुसताच "मंजूर, मंजूर" म्हणून पुढे ढकलत नाही. कोषाध्यक्षांना हे सुरुवातीला आवडत नाही, तेवढं गृहीत धरा.

अनुदानाचंही इथेच समजावा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आहेत आणि दर्जावर अनुदान ठरतं. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा दाखल नोंदवही, देवघेव, सभासदसंख्या, वर्तमानपत्रं, सगळं पाहतात. दर्जा घसरला की फटका थेट कर्मचाऱ्यांच्या पगाराला बसतो.

उत्साहाच्या तीन सूचना

नवा सदस्य उत्साही असेल तर पहिल्या दोन-तीन सभांत काही सूचना हमखास येतात. त्यांची उत्तरं आधीच देऊन ठेवली तर कुणाचा हिरमोड होत नाही.

पहिली सूचना : "अमुक पतसंस्था दोन टक्के जास्त व्याज देते, ठेवी तिकडे हलवू या." विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये संस्थेचा पैसा कुठे ठेवायचा ते सांगितलेलं आहे : अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, त्यासाठी शासनानं मान्य केलेली सहकारी बँक, सरकारी रोखे. पतसंस्था त्यात नाही. धर्मादाय आयुक्तांची वेगळी परवानगी असल्याशिवाय हा विषय चहापुरताच ठेवावा.

दुसरी : "पुढचा गाळा दहा वर्षांच्या करारानं देऊन टाकू, उत्पन्न सुरू होईल." इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची तर कलम ३६ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. विक्रीला लागतेच. संस्थेसाठी कर्ज काढायचं तरी परवानगीचे नियम आधी पाहावे लागतात. ठराव सर्वानुमते झाला म्हणून परवानगीची गरज संपत नाही.

तिसरी सूचना सगळ्यांत गोड असते : "माझा भाचा अमेरिकेत आहे, तो पैसे पाठवेल." भाच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत पाठवणार असेल तर अडचण नाही. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ती परकीय देणगी झाली. मग गावात येऊन त्यानं रुपयांत दिली तरीही. त्यासाठी २०१० च्या परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आमच्यासारख्या वाचनालयांकडे ती सहसा नसते. म्हणून पावती फाडण्याआधी पासपोर्ट कुठला, हे विचारायचं.

काउंटरवर एक संध्याकाळ

फाइल झाली की त्याला एक संध्याकाळ ग्रंथपालांशेजारी देवघेवीच्या काउंटरवर बसवा. शक्यतो दिवाळी अंकांच्या दिवसांत, म्हणजे सभासद किती आणि कसे भांडतात ते कळेल. पण बसण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करा. ग्रंथपाल कार्यकारिणीला जबाबदार आहेत, एकेका सदस्याला नाहीत. "उद्यापासून कपाटं अशी लावा" असं काउंटरवर सांगायचं नाही, काय ते सभेत मांडायचं. अकरा जणांनी अकरा हुकूम सोडले तर तुटपुंज्या पगारावरचा तो माणूस टिकत नाही. आणि नवा ग्रंथपाल मिळणं नवा सदस्य मिळण्यापेक्षा फार अवघड आहे.

पहिल्या सभा

विषयपत्रिका आणि मागचं इतिवृत्त आठवडाभर आधी हातात पडायला हवं. व्हॉट्सॲपवर पाठवा, हरकत नाही, पण निर्णय तिथे घ्यायचे नाहीत. अंगठे मोजून ठराव होत नसतो.

इतिवृत्त कायम करणं हा काही सुरुवातीचा उपचार नव्हे, हे नव्या माणसाला सांगा. गेल्या वेळी जे ठरलं तेच लिहिलं गेलंय का, हे पाहण्याची ती वेळ. "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" यावर विशेष डोळा ठेवायला सांगा. पैशाचा, नेमणुकीचा, जागेचा विषय या शेवटच्या ओळीतून, लोक चपला शोधत असताना शिरू देऊ नये. पटलं नाही तर "माझा विरोध नोंदवा" म्हणण्याचा हक्क त्याला आहे, आणि नोंदवला की नाही हे पुढच्या सभेत वाचून पाहण्याचाही. सदस्याच्या मेव्हण्याचा छापखाना असेल आणि छपाईची दरपत्रकं उघडायची असतील, तर त्या सदस्यानं तेवढा वेळ बाहेर जावं आणि तो बाहेर गेल्याचं इतिवृत्तात यावं. गावात सगळेच एकमेकांचे कुणी ना कुणी असतात, त्यामुळे याचा राग मानायचं कारण नाही.

त्याला काम द्या, पण छोटं आणि संपणारं. थकीत वर्गणीची यादी, ठेवींच्या मुदतीचा तक्ता, व्याख्यानमालेचा एक दिवस. "प्रसिद्धी समिती" वगैरे नको, तिथे माणूस हरवतो.

सहा महिन्यांनी पुन्हा बसा. कुठला कागद कळला नाही, कुठल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, ते विचारा आणि तो कागद पुढच्या फाइलमध्ये घाला. आणि त्याला काम जमत नसेल, सोडायचं असेल, तर सभेला येणं बंद करून नुसतं नाव ठेवू देऊ नका. राजीनामा लेखी घ्या, सभेत ठराव करा, आणि त्या बदलाचाही अर्ज ९० दिवसांत दाखल करा.