पहिली भांगलण (खुरपून तण काढणं) करण्याआधी

मागच्या वर्षी रोहिणी नक्षत्रात टाकलेली मिरची मी माझ्याच हाताने उपटली आणि पुढे दीड महिना कामोणी नावाच्या तणाला पाणी घातलं. अजून आठवलं की पोटात तुटतं. बी घरचं होतं. उन्हाळ्यात चटणीसाठी आणलेल्या संकेश्वरी मिरचीतल्या चांगल्या लांब मिरच्या बाजूला काढून आत्तींनी ते बी पुरचुंडीत बांधून माझ्या हातात दिलं होतं. बाजारचं पाकीट असतं तर एवढं लागलं नसतं.

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमच्या घरामागे दहा बाय पंधरा फुटांची जागा आहे. वाफा कसा करायचा, माती कशी मोकळी करायची हे तुम्हाला ठाऊक असणार. मला सांगायचंय ते बी टाकल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांचं, कारण नवीन माणसाचं नुकसान होतं ते त्याच दिवसांत.

मी बी फेकून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी वळीव चांगला झाला आणि चौथ्या दिवशी सकाळी वाफा हिरवागार. मी आत्तींना बोलावून दाखवलं. त्यांना डोळ्यांनी बारीक दिसत नाही, त्या नुसत्या म्हणाल्या, "लई लवकर आली गं." तेव्हाच थांबायला हवं होतं. अकराव्या-बाराव्या दिवशी त्या हिरव्यात मधेच काही वेगळी रोपं दिसू लागली. बारीक, टोकदार पानांची आणि मोजकीच. मी सरळ हिशोब केला, जे भरपूर आहे ते आपलं आणि जे थोडं आहे ते तण. खुरपंसुद्धा लागलं नाही, चिमटीनेच सगळी काढली.

तो हिशोब पूर्ण उलटा आहे. मिरचीला उगवायला आठ-दहा दिवस लागतात, गारवा असेल तर त्याहून जास्त. चौथ्या दिवशी जे वर येतं ते मिरची असूच शकत नाही. तणाचं बी मातीत आधीपासून पडलेलं असतं, ते पहिल्या ओलीची वाटच बघत असतं. संख्येचंही तसंच. मी बिया टाकल्या साठ-सत्तर आणि मातीत तणाच्या किती असतील याला गणती नाही. त्यात मी शेणखत घातलेलं अर्धवट कुजलेलं. गुरांच्या पोटातून पुष्कळ बिया जिवंत बाहेर पडतात. खत ढिगात नीट तापलं नाही, तर त्या बिया आपण आपल्या हाताने वाफ्यात पेरतो.

दुसरी गोष्ट बीजपत्रांची. शाळेत एकबीजपत्री-द्विबीजपत्री सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, पण वाफ्यासमोर बसल्यावर ते आठवत नाही. रोपाची पहिली दोन पानं ही बीजपत्रं, ती त्या झाडाच्या पानांसारखी दिसत नाहीत. झाडाची खरी ओळख तिसऱ्या-चौथ्या पानापासून सुरू होते. तोवर उपटायचं नाही. हे मी तीनदा लिहायला तयार आहे. खरी पानं आल्याशिवाय ओळीतलं काहीही उपटायचं नाही.

आता मिरची आणि कामोणी. दोन्ही एकाच कुळातल्या, म्हणून फसगत होते. मिरचीची बीजपत्रं लांबट, निमुळती, गुळगुळीत. कधी कधी बियाचं पिवळट चपटं टरफल पानाच्या टोकाला टोपीसारखं अडकून राहतं. ते दिसलं तर शंकाच नको, ते तुम्हीच टाकलेलं बी आहे. कामोणीची बीजपत्रं आखूड आणि पसरट. खरी पानं आल्यावर बोट फिरवून बघा. मिरचीचं पान तुकतुकीत, कडा सरळ. कामोणीच्या पानावर बारीक लव जाणवते, रंग मंद, कडा जराशा नागमोडी, आणि कोवळ्या पानाची खालची बाजू पुष्कळदा जांभळट असते. पान उलटं करून बघायची सवयच मला नव्हती.

मला ते कळलं फुलं आल्यावर. आमच्या गल्लीतल्या एक मावशी उसाच्या भांगलणीला जातात. त्या कुंपणाबाहेरूनच म्हणाल्या, "पोरी, कामोणी कशाला जपलीस एवढी?" मग आत आल्या, एक फांदी वाकवली. "मिरचीचं फूल एकटं येतंय, बेचक्यात, खाली मान घालून. ह्ये बघ, घोसच्या घोस हाय." पांढरी इवली फुलं, मधे पिवळा ठिपका, चार-पाच एकाच देठावर. दीड महिना रोज बघत होते मी त्या झाडांकडे.

त्यांच्याकडून दोन सकाळी जे शिकले ते मोबाईलवरच्या कुठल्याही व्हिडिओत मिळालं नाही. व्हिडिओवाले फुलावर आलेलं गाजरगवत दाखवतात. ते काय, सगळ्यांनाच ओळखू येतं. दोन पानांचं कुणी दाखवत नाही. फोटो काढून नाव सांगणारं ॲपही या वयाच्या रोपाला चालत नाही. मला एकाच कोंबाची सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं अशी नावं मिळाली. त्यापेक्षा भांगलणीला जाणारी एखादी बाई अर्धा दिवस घरी बोलवा, अर्ध्या दिवसाची मजुरी द्या आणि शेजारी बसून तिचा हात कुठे थांबतो ते बघा. फुकट विचारू नका. ती विद्या आहे.

आणि तणनाशक परसबागेत आणूच नका. आपल्या हातभर वाफ्यात कोथिंबीर, वांगी, टोमॅटो शेजारी शेजारी असतात. वाऱ्याने फवारा उडाला की सगळंच बसतं.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. कोथिंबिरीची पहिली दोन पानं लांब पट्टीसारखी असतात, गवत समजून लोक उपटतात. गवताचा कोंब एका पानाने वर येतो, कोथिंबीर जोडीने. भेंडीच्या जवळ पेटारी हे तण उगवलं तर दोन्ही एकाच कुळातल्या, तिथे घाई करू नका. टोमॅटोचं पान चोळलं की वास सांगतो. वांग्याचं पान लवेचं, जरा खरखरीत. त्याच्यासारखा दिसतो धोत्रा, आणि तो सगळाच्या सगळा विषारी. कामोणीची कच्ची हिरवी फळंही विषारी, घरात लहान पोरं असतील तर लक्ष ठेवा. लव्हाळ्याची दांडी बोटांत फिरवा, तीन धारा लागतात. तो ओढून काढला तर खाली गाठी राहतात आणि आठवड्यात पुन्हा वर येतो, म्हणून ओल असताना खुरप्याने खोल जाऊनच काढा. गाजरगवत लहानपणी जमिनीला चिकटून पसरतं, झेंडूसारखं वाटतं. झेंडूची पानं समोरासमोर येतात आणि चुरडली की झेंडूचाच वास येतो. गाजरगवताला हातमोजे घालूनच हात लावा, अंगाला खाज सुटते, आणि फूल यायच्या आत काढा. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेला आलं म्हणतात. आज आमच्या रिंगरोडच्या कडेला त्याशिवाय दुसरं काही दिसत नाही, इतकं बी पडतं त्याचं.

सगळंच तण फेकायचं असंही नाही. घोळ आणि तांदुळजा आमच्याकडे वाफ्यातून थेट कढईत जातात. फक्त ओळख पक्की झाल्याशिवाय काही तोंडात घालू नका.

यंदा मी तीन गोष्टी बदलल्या. वाफा आधी भिजवून दहा दिवस रिकामा ठेवला, उगवलं ते वरच्यावर खरडून काढलं. खोल खणलं नाही, नाहीतर खालचं बी वर येतं. मग बी फेकलं नाही, दोरी धरून ओळीत टाकलं. ओळीबाहेरचं सगळं निर्धास्त काढता येतं, प्रश्न उरतो फक्त ओळीतल्याचा. आणि एका कुंडीत चाळलेली नदीची वाळू भरून त्यातही पाच बिया टाकल्या. वाळूत तण जवळजवळ येतच नाही, त्यामुळे कुंडीत जे उगवेल ते आपलंच. वाफ्यात शंका आली की उठून कुंडीपाशी जायचं, बघायचं आणि परत येऊन बसायचं.

हाताने चुकीचं रोप निघालं तर रडत बसू नका. मुळाशी माती असेल तर बोटाने खड्डा करून तिथल्या तिथे परत लावा, पाणी द्या, दोन दिवस सावली करा. कोवळं रोप बहुतेक वेळा धरतं. मागच्या वर्षी बादलीच्या आडोशाला माझ्या नजरेतून सुटलेलं एकच झाड राहिलं होतं. त्याने दिवाळीपर्यंत मिरच्या दिल्या आणि यंदाचं बी त्याचंच आहे.

आज बी टाकून नववा दिवस. कुंडीत दोन कोंब मान वर काढतायत, एकाच्या डोक्यावर टरफल आहे. वाफ्यात ओळीत बरंच काही हिरवं दिसतंय. खुरपं अजून खुंटीला आहे.