पालकांनी भरलेली वर्तन-मापनी वाचताना

हट्ट, उलट उत्तरे, मारामारी अशा तक्रारींसाठी आणलेल्या मुलाची फाइल पहिल्यांदा हातात आली की नजर थेट एकूण स्कोअरवर जाते. या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला माझे एकच सांगणे असते: आधी एकेक उत्तर वाचा, बेरीज नंतर बघा. मापनी, म्हणजे पालक भरतात ती प्रश्नावली, मुलाचे वर्तन थेट मोजत नाही. पालकांना ते वर्तन कसे दिसते, हे ती मोजते.

शिकायला मला आयबर्ग चाइल्ड बिहेविअर इन्व्हेंटरी सगळ्यात चांगली वाटते. २ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी तिच्यात ३६ विधाने आहेत. प्रत्येक विधानापुढे पालक दोन गोष्टी सांगतात. असे किती वेळा घडते, याला १ ते ७ पैकी एक आकडा. आणि तुम्हाला ही अडचण वाटते का, याला हो किंवा नाही. त्यामुळे तीव्रतेचा स्कोअर वेगळा निघतो आणि अडचणीचा वेगळा.

हे दोन्ही जुळले तर पुढचे काम सरळ असते. जुळत नाहीत, तिथे खरे शिकायला मिळते. तीव्रता भरपूर, पण अडचण जवळजवळ शून्य असेल तर पालक फार सहनशील असतील, थकून सोडून दिले असेल, किंवा ‘अडचण आहे’ म्हटले तर दोष आपल्यावर येईल अशी धास्ती असेल. उलट, वर्तन वयाला साजेसे आणि तरी जवळपास प्रत्येक ओळीपुढे ‘हो’ असेल, तर अपेक्षा वयापेक्षा मोठ्या आहेत का, पालक स्वतः नैराश्यात किंवा ताणात आहेत का, हे हळुवारपणे विचारा. तीन वर्षांच्या मुलाने स्वस्थ बसावे, असे मनापासून वाटणारे पालक असतात. तिथे मुलाला बदलण्याआधी पालकांना आधार द्यावा लागतो. म्हणून ६ किंवा ७ दिलेल्या प्रत्येक विधानावर मी विचारतेच, ‘शेवटचे असे कधी झाले? तेव्हा काय काय घडले?’ ‘ऐकत नाही’ या दोन शब्दांमागे प्रत्येक घरात वेगळी गोष्ट निघते.

कट-ऑफ, म्हणजे काळजी जिथून सुरू होते तो आकडा, पाठ करताना मापनीचे नाव सोबत ठेवा. आयबर्गमध्ये टी-स्कोअर (इतर मुलांच्या तुलनेत बसवलेला स्कोअर, सरासरी ५०) ६० पासून काळजीची पातळी सुरू होते. आखेनबाख या मानसशास्त्रज्ञाच्या ६ ते १८ वयोगटाच्या चेकलिस्टमध्ये आक्रमक वर्तनाच्या उपमापनीवर ६५ ते ६९ ही सीमारेषा आणि ७० पासून पुढे काळजीची पातळी. म्हणजे ६६ हा एकच आकडा एकीकडे पार झालेला, तर दुसरीकडे काठावरचा.

आई-वडील आणि शिक्षक यांची उत्तरे जुळली नाहीत की नवखे गोंधळतात, कोण खरे बोलतेय ते शोधू लागतात. आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एकाच भूमिकेतल्या दोघांच्या उत्तरांत सरासरी ०.६० सहसंबंध (पूर्ण जुळले तर १) आढळला, तर पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांत फक्त ०.२८. मूल घरी एक आणि वर्गात दुसरे असू शकते. सरासरी काढून हा फरक पुसू नका, त्याची कृपा करून नोंद करा. अहवालातही ‘मूल आक्रमक आहे’ असे न लिहिता ‘आईच्या नोंदीनुसार’ असे लिहा.

निदान मात्र मापनीवरून होत नाही. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार विरोधी-उद्दाम विकारासाठी (सतत चिडणे, वाद घालणे, मुद्दाम विरोध करणे) ८ पैकी किमान ४ लक्षणे सहा महिने हवीत, आणि ती भावंडाखेरीज आणखी कुणासोबत तरी दिसायला हवीत. हे मुलाखतीतूनच कळते.

भरून घेताना फॉर्म नुसता हातात देऊ नका. वाचायला अडचण असेल तर मोठ्याने वाचून दाखवा, सुटलेल्या ओळी तिथेच विचारा आणि कोणी भरले ते लिहून ठेवा. पहिल्यांदा भरलेले स्कोअर दुसऱ्या वेळी उपचाराविनाही थोडे खाली येतात, म्हणून जमेल तेव्हा उपचार सुरू होण्याआधी मी मापनी दोनदा भरून घेते आणि प्रगतीची तुलना दुसऱ्या स्कोअरशी करते.