पैठणीला पिन लावताना या चुका टाळा

फाटलेल्या पैठण्या माझ्याकडे वर्षातून दोनदा येतात. एकदा श्रावणात मंगळागौरी झाल्या की, आणि एकदा लग्नसराई उलटली की. मी घरी फॉल-पिको आणि रफूचं काम करते. घडी उलगडायच्या आधीच भोक कुठे असणार हे बहुतेक वेळा ठाऊक असतं. डाव्या खांद्यावर, पदराच्या प्लेट्स ब्लाउजला जिथे टाचतात तिथे. त्याखालोखाल निऱ्यांच्या वरच्या टोकाशी. साडी आणणारी हळहळत म्हणते, "पिनेनं फाटली हो." पिनेनं भोक पडतं हे खरं, पण भोकाची फाट होते ती ओढीमुळे. पिनेचं काम साडी जागेवर धरून ठेवायचं. साडी पेलायचं काम तिच्यावर टाकलं, की रेशीम हार मानतं.

हे मी माझ्या आईच्या साडीवर शिकले. मावसभावाच्या लग्नात आईने तिची जांभळी पैठणी नेसली होती. पदर मोकळा सोडलेला, खांद्याला एकच जाडजूड पिन. जेवणं झाली, आई उठायला गेली आणि पदराचं टोक खुर्चीच्या पायाखाली होतं. चर्र असा आवाज मी दोन खुर्च्या पलीकडून ऐकला. आईने खांद्यावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. घरी येऊन पाहिलं तर अंगठा जाईल एवढी फाट, आणि पिन मात्र जशीच्या तशी सरळ, जरासुद्धा वाकलेली नाही. त्या रात्री ती पिन हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते.

सगळा भार एका पिनेवर

सगळ्यात जास्त साड्या या चुकीने जातात, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिते.

भरजरी पैठणीचं वजन ७००-८०० ग्रॅमपर्यंत सहज जातं, आणि त्यातला मोठा वाटा पदराचा, कारण जर तिथेच जास्त. हा पदर खांद्यावरून मागे लोंबतो. आपण वाकतो, हात वर करतो, कडेवरचं मूल पदर धरून ओढतं, गाडीच्या दारात तो अडकतो. प्रत्येक वेळी ती ओढ जाऊन बसते पिनेने टोचलेल्या चार-सहा धाग्यांवर.

म्हणून पहिली गोष्ट पिनेची नाहीच, नेसण्याची आहे. परकराचा नाडा घट्ट, पहिला वेढा नीट खोचलेला, निऱ्या पोटाशी खोलवर गेलेल्या. एवढं झालं की अर्धी साडी कमरेवर उभी राहते. आपल्या आज्या नऊवारी नेसून विहिरीचं पाणी शेंदायच्या, शेतात दिवसभर वाकायच्या. तिथे कासोटा आणि ओचा सगळं पेलायचा, पिनेची गरजच नव्हती.

खांद्यावर एक जाड पिन लावण्याऐवजी दोन बारीक पिना लावा, बोटभर अंतरावर. पिन खांद्याच्या शिवणीच्या रेषेत, म्हणजे गळ्याकडून दंडाकडे आडवी असू द्या. पदराची ओढ पुढून मागे असते. पिन त्या ओढीला आडवी असली की भार तिच्या दोन्ही टोकांवर वाटला जातो. ओढीच्याच दिशेने लावली की पहिल्या भोकावर सगळं येतं आणि ते लांबत जातं. पिनेत कापडही पुरेसं घ्या. "कमी टोचलं म्हणजे कमी नुकसान" असं वाटून बऱ्याच जणी दोन-तीन धागेच उचलतात, आणि नेमके तेच तुटतात. निदान एक सेंटिमीटर कापड पिनेत यायला हवं.

आणि ब्लाउजला टाचताना जरा ढील ठेवा. पिन लावून झाली की डावा हात पूर्ण वर करून पाहा. खांद्यावर कापड ताणलं गेलं, सुरकुत्या पिनेकडे धावल्या, तर पिन काढा आणि परत लावा. आरशासमोरचं हे एक मिनिट साडीची वर्षं वाढवतं.

ब्लाउज शिवायला टाकतानाच शिंप्याला सांगून खांद्याच्या शिवणीखाली आतून सुती पट्टी लावून घ्या. मग पिनेला घट्ट आधार ब्लाउजचा मिळतो. माझ्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांनी हे केलं त्या रफूसाठी परत आलेल्या नाहीत.

वेटोळ्यात अडकलेला धागा

सेफ्टी पिनेचं पेटंट न्यू यॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी १८४९ साली घेतलं. एकाच तारेला एका टोकाला वेटोळं घातलं, त्या वेटोळ्याने पिनेला स्प्रिंगचा जोर दिला, दुसऱ्या टोकाला टोपण. आजही पिन तशीच आहे, आणि रेशमाचं सगळ्यात जास्त वाकडं असतं ते या वेटोळ्याशीच. कापड सरकत सरकत तिथे पोचतं, तारेच्या दोन फेऱ्यांमध्ये शिरतं आणि चिमटीत सापडल्यासारखं बसतं.

उपाय साधा आहे. पिन उघडून तिच्यात एक छोटा मणी ओवा आणि वेटोळ्यापर्यंत ढकला. आता कापड मण्याला टेकतं, पुढे जात नाही. मणी गुळगुळीत हवा, कडांचा नको. नाहीतर मांजरपाटाचा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा दुहेरी करून आधी पिनेत घाला, मग साडी. वेटोळं नसलेल्या पिनाही मिळतात. त्या चांगल्या, फक्त टोपण घट्ट बसतंय ना ते बघून घ्या.

तरीही अडकलंच तर ओढू नका. रात्री बारा वाजता कार्यक्रमाहून आल्यावर, डोळ्यांवर झोप असताना साड्या सगळ्यात जास्त फाटतात. दिव्याखाली बसा, दुसऱ्या जाड सुईचं टोक वेटोळ्यात घालून तार किंचित फाकवा आणि कापड मागच्या मागे सोडवा. नाहीच निघालं तर पक्कडीने पिन कापा. दोन रुपयांची पिन जाऊ द्या.

इथे हातमागाची पैठणी आणि यंत्रमागावरची सेमी पैठणी यांत एक फरक आहे. येवल्यात हातमागावर विणलेल्या पैठणीत मोर, आसवली, नारळी काठ हे सगळं रंगीत आडवे धागे एकमेकांत गुंतवून विणतात, म्हणून साडी उलटीकडूनही जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. सेमी पैठणीच्या मागे मात्र नक्षीचे लांब लांब धागे सुटे लोंबत असतात. पिन त्यांच्यात हमखास गुंतते. सेमी पैठणी असेल तर पदराच्या आणि काठाच्या मागे मऊ जाळी लावून घ्या. फॉल लावणाऱ्या बाईला सांगितलंत तर ती लावून देते.

जरीतून पिन आरपार

रेशमातून बारीक पिन गेली तर धागे बाजूला सरतात आणि पिन निघाल्यावर बरेचसे परत जागेवर येतात. जरीचं तसं नाही. जर म्हणजे आतल्या धाग्यावर गुंडाळलेली चपटी धातूची तार. ती एकदा फाकली की फाकलीच. काठावर पिनेची खूण दिसते ती कायमची.

त्यामुळे वरच्या प्लेटचा काठ पिनेतून वगळा. काठ बारीक असेल तर त्या प्लेटच्या आतल्या दुमडीत पोताचा, म्हणजे साडीच्या अंगाचा, साधा भाग येतो, तेवढाच पिनेत घ्या. पिन बाहेरून दिसतही नाही. ब्रॉकेडसारखा रुंद काठ असेल तर प्लेट्स आदल्या दिवशी रेशमी दोऱ्याने सैल धावदोरा घालून एकमेकींना टाचून ठेवा आणि पिन फक्त खालच्या प्लेट्सना लावा. घरी आल्यावर दोरा कापून उसवायचा, खेचायचा नाही.

पदरावर वजनदार ब्रोच लावायची हौस असेल तर मागे कापडाची घडी ठेवा. आणि डकवायची टेप रेशमाला अजिबात लावू नका. तिचा चिकटा धाग्यांत उतरतो, त्यावर धूळ बसते आणि काळपट डाग पडतो.

बोथट, जाड, गंजकी पिन

पिन नवी म्हणजे चांगली असं नाही. पुठ्ठ्याच्या कार्डावर मिळणाऱ्या स्वस्त पिनांच्या टोकांना बऱ्याचदा बारीक कंगोरा असतो. रेशमी ब्लाउजपीसच्या उरलेल्या चिंधीतून पिन पार करून बघा आणि कान द्या. टोक नीट असेल तर पिन आवाज न करता जाते. टक् असा बारीकसा आवाज आला तर धागा तुटला असं समजा. ती पिन साडीसाठी वापरायची नाही, परकराच्या नाड्याला ठेवा.

नेहमीच्या पिना लोखंडी तारेच्या आणि वरून मुलामा दिलेल्या असतात. मुलामा उडाला की घामाने गंजतात. पितळी पिन गंजत नाही, पण घामाने तिला हिरवट कळा येते आणि ती फिक्या रेशमावर उतरते. चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना रेशमी साड्यांसाठी वेगळ्या डबीत ठेवा, सोबत तांदळाचे चार दाणे टाका, ओल धरत नाही.

निऱ्या परकराला टाचणं

निऱ्या एकमेकींना टाचाव्यात, परकराच्या नेफ्याला नाही. चालताना पायाची टाच साडीच्या कडेवर पडली की निऱ्यांना सरकायला जागा लागते. ती नसली की पिनेपाशी चिरतं. साडी नेसताना त्या दिवशीच्याच चपला घाला, म्हणजे उंची चुकणार नाही.

मंगळागौरीसाठी वेगळं सांगते. झिम्मा, फुगडी, पिंगा घालायचा असेल तर पदर कमरेला घट्ट खोचा आणि खांद्याची पिन काढून ठेवा. फुगडीत हात ताणले जातात आणि पूर्ण ओढ डाव्या खांद्यावर येते. श्रावणात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या साड्या फुगडीच्या असतात.

दरवेळी त्याच भोकातून

"आधीच भोक आहे, तिथेच लावते" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण त्या जागचे धागे आधीच थकलेले असतात. टोप्यांचं उदाहरण घ्या. युरोप-अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बायका रुंद टोप्या घालायच्या आणि लांबच लांब पिना टोपीतून अंबाड्यात खुपसून त्या बसवायच्या. पिनांची टोकं इतरांना लागतात म्हणून १९१० मध्ये शिकागो शहराने अर्ध्या इंचाहून जास्त बाहेर येणाऱ्या पिनांवर बंदी घातली. टोपीला मात्र रोज टोचून घ्यावंच लागायचं. फेल्टची टोपी त्यातल्या त्यात टिकायची, कारण फेल्ट विणलेलं नसतं, दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं असतं, वाफ दिली की भोक बरंचसं मिटतं. गवताच्या टोपीची काडी एकदा मोडली की मोडलीच. पैठणीतही हे दोन्ही आहे. रेशीम थोडं फेल्टसारखं सावरतं, जर काडीसारखी मोडते. म्हणून दरवेळी पिनेची जागा बोटभर बदला.

आजीची पन्नास-साठ वर्षांची साडी असेल तर तिला पिन लावूच नका. जुनं रेशीम हातात मऊ लागतं, पण आतून कोरडं झालेलं असतं. तिला खांद्यापाशी आतून मलमलीची पट्टी लावून घ्या आणि पट्टीलाच चार टाके घालून ब्लाउजला जोडा.

कपाटात राहिलेली पिन

मुंबई-कोकणात एका पावसाळ्यात घडीत विसरलेली पिन तांबडा डाग सोडते, आणि घडी असल्यामुळे तो तीन-चार थरांत उतरतो. साडी ठेवण्याआधी पोतावरून पालथा हात फिरवा. पिना सापडतातच. दुकानाची किंवा लॉन्ड्रीची चिठ्ठी स्टेपलरच्या पिनेने लावलेली असते, तीही काढा. नखाने उचकटू नका, मागचे दोन्ही पाय सुईने सरळ करून मग अलगद ओढा. लॉन्ड्रीत देतानाच सांगा, "चिठ्ठी दोऱ्याने बांधा."

झालंच नुकसान तर

धागा ओढला जाऊन वर आला असेल तर कापू नका. सुईच्या टोकाने तो मूळ जागेकडे थोडा थोडा ढकलत न्या, सुरकुती पसरत जाते. फारच मोठा फास असेल तर बारीक क्रोशाच्या सुईने उलट्या बाजूला ओढून घ्या.

धागे नुसते सरकून भोक दिसत असेल तर साडी उलटी करून, चमच्याच्या पाठीने भोकाभोवतीचे धागे उभे-आडवे हलके चोळा. मग मध्ये सुती कापड ठेवून लांबून किंचित वाफ द्या. पाण्याचा थेंब पडू देऊ नका, रेशमावर त्याचा डाग राहतो.

फाट असेल तर ती घेऊन लवकर या, गोंद लावून नाही. सोबत त्याच साडीचा ब्लाउजपीस किंवा काठाचा उरलेला तुकडा आणा. त्यातले धागे काढून रफू केलं तर रंग तंतोतंत जुळतो. आईची जांभळी पैठणी मी अशीच भरली, ब्लाउजच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा काढून. सहा संध्याकाळी लागल्या.

गंजाचा डाग पडला असेल तर लिंबू-मीठ चोळू नका. सुती कापडाला चालणारा हा उपाय जरीला काळं पाडतो आणि रेशमाचा रंग खातो. डागाभोवती पांढऱ्या दोऱ्याने टाका घालून खूण करा आणि ड्रायक्लीनिंगला देताना हा डाग गंजाचा आहे, पिनेचा आहे, असं स्पष्ट सांगा. जेवणाचा डाग समजून त्यांनी दुसरं काही लावलं तर मग माझ्याही हातात काही राहत नाही.