अमेरिकेत कॉलेज बदलताना आर्थिक मदत सोबत कशी न्यायची

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. कॉलेज बदललं की आर्थिक मदत 'ट्रान्सफर' होते असं सगळेच म्हणतात, पण तसं काही होत नाही. जुन्या कॉलेजने दिलेलं पॅकेज तिथेच संपतं आणि नवं कॉलेज स्वतःचा हिशेब नव्याने मांडतं. तुमच्यामागे येतं ते फक्त मोजमाप: पेल ग्रँटचा (केंद्र सरकारचं परत न करावं लागणारं अनुदान) किती हिस्सा उचलला, कर्ज किती घेतलं, किती क्रेडिटं (अभ्यासक्रम मोजण्याची एककं) घेतली आणि त्यातली किती पार पडली. म्हणजे जुन्या कॉलेजकडे नीट बंद करायचं आणि नव्या कॉलेजकडे नव्याने उघडायचं, अशी दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम सगळे करतात. पहिलं राहून जातं आणि पैसे तिथेच अडकतात.

केंद्र सरकारची ही मदत अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि कायद्याने पात्र ठरवलेल्या काही मोजक्या गटांनाच मिळते. एफ-१ किंवा एच-४ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना नाही. मात्र पालक एच-१बी वर असतील आणि मुलगा किंवा मुलगी नागरिक असेल, तर मूल पात्र असतं. पालकांचा व्हिसा त्याच्या आड येत नाही. कित्येक घरांत केवळ हे माहीत नसल्यामुळे अर्जच भरला जात नाही.

पहिली पायरी: सेमिस्टर अर्धवट सोडू नका

कॉलेज पटत नाही म्हणून ऑक्टोबरातच बाहेर पडायचा मोह होतो. त्याची किंमत समजून घ्या. सेमिस्टरचे ६० टक्के दिवस पार पडेपर्यंत केंद्राची मदत दिवसागणिक 'कमवावी' लागते. समजा सेमिस्टर १०५ दिवसांचं आहे (सलग पाच किंवा जास्त दिवसांची सुट्टी यात धरत नाहीत) आणि तुम्ही ४२व्या दिवशी बाहेर पडलात. तुम्ही ४० टक्के मदत कमावली. खात्यात ५,००० डॉलर आले असतील तर २,००० तुमचे आणि ३,००० 'न कमावलेले'. त्यातला आपल्या वाट्याचा भाग कॉलेज सरकारला परत करतं. पण सहाव्या आठवड्यापर्यंत ट्यूशन फी परत मिळण्याची मुदत बहुतेक ठिकाणी उलटून गेलेली असते, त्यामुळे परत केलेली तीच रक्कम तुमच्या नावावर थकबाकी म्हणून चढते. थकबाकीपोटी काही कॉलेजं ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) अडवतात, आणि ट्रान्सक्रिप्टशिवाय नवं कॉलेज क्रेडिटं मोजू शकत नाही.

६०व्या टक्क्यानंतर सोडलं तर मदत पूर्ण कमावलेली धरतात. पण घेतलेली क्रेडिटं वाया जातात आणि त्याचा फटका पुढे बसतोच. न सांगता वर्गात जाणं बंद करणं तर सगळ्यात वाईट. सगळ्याच विषयांत एफ (नापास) आला की हा विद्यार्थी खरंच शेवटपर्यंत येत होता का, हे कॉलेजला तपासावं लागतं. तो मध्येच गेला असं ठरलं तर हिशेब मागून लावला जातो आणि बिल काही महिन्यांनी घरी येतं.

दुसरी पायरी: फाफ्सामध्ये नवं कॉलेज घाला

ज्या वर्षासाठी मदत हवी त्या वर्षाचा फाफ्सा (केंद्राच्या मदतीसाठीचा अर्ज) आधीच भरला असेल, तर नवा भरायची गरज नाही. स्टुडंटएड डॉट जीओव्हीवर लॉग-इन करा, त्या वर्षाचा भरलेला अर्ज उघडा, दुरुस्तीचा पर्याय घ्या आणि नव्या कॉलेजचा सहा अक्षरी फेडरल स्कूल कोड घाला. कोड नावावरूनही शोधता येतो, पण एकाच विद्यापीठाच्या दोन कॅम्पसना वेगवेगळे कोड असू शकतात. शहराचं नाव पाहूनच निवडा. यादीत २० कॉलेजं बसतात, त्यामुळे प्रवेश पक्का व्हायची वाट न पाहता, जिथे अर्ज केलाय ती सगळी आधीच घालून ठेवा. सही करून सबमिट झाल्याची खात्री करा. दुरुस्ती सेव्ह केली पण पाठवलीच नाही, हा नेहमीचा घोळ.

वर्षाच्या मध्यात, म्हणजे जानेवारीत बदलत असाल तर जुन्या कॉलेजचं नाव काढू नका. त्या वर्षीच्या पहिल्या सेमिस्टरसाठी त्यांना तुमची माहिती अजून लागते.

कोणत्या वर्षाचा अर्ज, हेही पाहा. आर्थिक मदतीचं वर्ष १ जुलैपासून ३० जूनपर्यंत चालतं. २०२६च्या ऑगस्टमध्ये नव्या कॉलेजात जाणार असाल तर २०२६-२७चा अर्ज हवा. २०२५-२६च्या अर्जात नाव घालून उपयोग नाही. बरीच खासगी कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल मागतात. तो कॉलेज बोर्डाकडचा स्वतंत्र अर्ज आहे. फाफ्सा दुरुस्त केल्याने तो दुरुस्त होत नाही.

तिसरी पायरी: जुन्या कॉलेजला लेखी कळवा

हीच ती राहून जाणारी पायरी. प्रवेश रद्द केला म्हणजे फायनान्शियल एड ऑफिसला कळलं असं धरू नका. रजिस्ट्रार वेगळा, ते ऑफिस वेगळं. वर्षाचं पॅकेज बहुतेकदा दोन सेमिस्टरांत विभागून आधीच मंजूर झालेलं असतं. जानेवारीचा हप्ता जुन्या कॉलेजच्या नावावर तसाच राहिला की केंद्राच्या संगणकावर दोन कॉलेजांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि नव्या कॉलेजचं कर्ज तिथेच थांबतं.

म्हणून कॉलेजच्या ईमेलवरून, विद्यार्थी क्रमांक घालून, तीन गोष्टी मागा. पुढच्या सेमिस्टरचे सगळे हप्ते रद्द करा. कर्जाचा कालावधी माझ्या शेवटच्या सेमिस्टरच्या अखेरच्या तारखेला संपल्याचं नोंदवा. आणि हे झाल्याचं मला उत्तरात कळवा. दुसरी मागणी महत्त्वाची. हप्ता रद्द होतो, पण कालावधीची शेवटची तारीख मे महिन्याचीच राहते आणि नवं ऑफिस 'तुमच्या जुन्या कॉलेजने काहीतरी सोडवलेलं नाही' एवढंच सांगतं. ते 'काहीतरी' बहुधा हीच तारीख असते.

याच ईमेलात रिफंडसाठीचा बँक खाते क्रमांक आणि पत्ता चालू आहे ना, तेही विचारून घ्या.

किती उरलं, याचा हिशेब

पेल ग्रँटची २०२५-२६ची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे. पूर्ण पेल मिळणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या सेमिस्टरला पूर्णवेळ शिकून निम्मी उचलली, तर जानेवारीत निम्मी उरते, नवं कॉलेज कितीही महाग असलं तरी. पूर्णवेळ म्हणजे १२ क्रेडिटं. ९ घेतलीत तर त्या सेमिस्टरच्या हिश्श्याचे ७५ टक्के, ७ घेतलीत तर ५८ टक्के. आयुष्यभराची मर्यादा ६०० टक्के, म्हणजे साधारण १२ पूर्णवेळ सेमिस्टरं. वापरलेला आकडा स्टुडंटएडच्या खात्यात दिसतो.

कर्जात खरा धक्का बसतो. पालकांवर अवलंबून असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि तिसऱ्या वर्षापासून ७,५०० डॉलरपर्यंत केंद्राचं थेट कर्ज मिळतं. पण 'कितवं वर्ष' हे नवं कॉलेज ठरवतं, तेही त्याने मान्य केलेल्या क्रेडिटांवरून. कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) ६० क्रेडिटं घेऊन निघालात आणि समोर २७च मान्य झाली, तर ३० क्रेडिटांचं वर्ष मानणाऱ्या कॉलेजच्या लेखी तुम्ही अजून पहिल्याच वर्षात आहात. मर्यादा ७,५००वरून थेट ५,५००वर येते. त्याच शैक्षणिक वर्षात आधी घेतलेलं कर्जही त्यातून वजा होतं. म्हणून प्रवेशाचं डिपॉझिट भरण्याआधी क्रेडिट मूल्यांकन लेखी मिळवा आणि ते अपुरं वाटलं तर प्रत्येक विषयाचा सिलॅबस जोडून फेरविचार मागा. त्यासाठी जुन्या कॉलेजचं ऑनलाइन खातं बंद होण्याआधीच सिलॅबस उतरवून ठेवलेले असावेत.

मदत चालू ठेवण्यासाठी कॉलेज शैक्षणिक प्रगतीचा जो हिशेब पाहतं, त्यातही मान्य झालेली क्रेडिटं धरली जातात. पदवी १२० क्रेडिटांची असेल तर केंद्राची मदत (पास-नापास सगळी धरून) १८० क्रेडिटं घेईपर्यंतच. दोनदा कॉलेज आणि एकदा विषय बदललेला विद्यार्थी या रेषेजवळ फार लवकर पोचतो.

जे अजिबात सोबत येत नाही

कॉलेजची स्वतःची शिष्यवृत्ती, वर्क-स्टडीची (मदतीचा भाग म्हणून मिळणारी अर्धवेळ) नोकरी आणि एसईओजी हे गरजूंना कॉलेजमार्फत मिळणारं केंद्राचं अनुदान: तिन्ही जुन्या कॉलेजच्या वाट्याची. नव्या कॉलेजकडे ती शून्यातून मागावी लागतात. ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्त्यांची मुदत अनेकदा प्रवेशाच्या मुदतीआधी संपते, तेव्हा आधी ती तारीख पाहा. कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांनी फाय थीटा कॅपा या सन्मान-संस्थेच्या सदस्यांसाठी काही राखीव आहे का, हेही विचारावं.

राज्याची मदत सहसा राज्याची सीमा ओलांडत नाही. राज्यातल्या राज्यात बदलतानाही फाफ्सा पुरत नाही. कॅलिफोर्नियात कॅल ग्रँट या राज्याच्या अनुदानासाठी वेबग्रँट्स या ऑनलाइन खात्यात जाऊन कॉलेज स्वतः बदलावं लागतं. न्यूयॉर्क राज्याच्या टॅप या अनुदानासाठीही कॉलेजचा कोड वेगळा बदलावा लागतो. बाहेरच्या संस्थेची शिष्यवृत्ती असेल तर चेक जुन्या कॉलेजच्या नावाने निघण्याआधी त्यांना कळवा.

कुटुंबाची नोकरी गेली किंवा आजारपणाचा खर्च आला म्हणून जुन्या कॉलेजने मदत वाढवली होती का? तो निर्णय त्या ऑफिसचा होता. कागद जपून ठेवा आणि नव्या ऑफिसात तीच मागणी पुन्हा करा.

पालकांनी घेतलेलं पॅरेंट प्लस कर्जही नव्या कॉलेजसाठी नव्याने मागावं लागतं. १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी त्यावर प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. आधीपासून कर्ज घेत असलेल्यांना दिलेली सवलत चालू अभ्यासक्रमाशी बांधलेली आहे, त्यामुळे कॉलेज बदलल्यावर ती टिकते का, हे सोडण्याआधीच विचारा.

मधल्या काळातलं जुनं कर्ज

कॉलेज सोडताच 'एक्झिट काउन्सेलिंग'चा (कर्जफेडीची माहिती देणारं ऑनलाइन सत्र) ईमेल येतो आणि घरात घबराट होते. ते फक्त करून टाका. अर्धवेळाच्या खाली गेल्यापासून परतफेडीआधी सहा महिन्यांची सवलत सुरू होते. मेमध्ये सोडून ऑगस्टमध्ये पुन्हा किमान अर्धवेळ, म्हणजे बहुतेक ठिकाणी ६ क्रेडिटं घेतलीत, तर ती सवलत पूर्ववत होते. पूर्ण वर्ष खंड पडला तर मात्र ती वापरली गेली. नंतर शिकताना हप्ते थांबतात, पण पदवीनंतरची सहा महिन्यांची उसंत त्या कर्जाला पुन्हा मिळत नाही. वर्ग सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी सर्व्हिसरच्या (कर्जाचे हप्ते सांभाळणारी कंपनी) खात्यात डोकावा. स्थिती 'इन-स्कूल' दिसली नाही, तर नव्या रजिस्ट्रारकडून नोंदणीचा दाखला घेऊन पाठवून द्या.